न दिलेली पोच

जुन्या मराठी पत्रांचे खंड चाळतांना एक रीत आमच्या वाचकांच्याहि नजरेस आली असेल. उत्तराच्या आरंभींच, आपलें पत्र पावलें व मजकूर ध्यानीं आला, अशा अर्थाचें कांहीं लिहिलेलें असतें. चिमाजीआप्पांच्या फौजेनें १७३९ च्या आरंभीं पोर्तुगीजांकडून माहीमचा कोट घेतला. त्या वसईच्या मोहिमेचीं पत्रें रियासतकार सरदेसायांनीं ‘पेशवे दफ्तरां’त छापलीं आहेत. अशीं पत्रें पोहोंचविणारा जासूद परत आला, कीं पत्र कोणाच्या हातीं दिलें एवढें सांगे. तें केव्हां उघडलें, किती वेळां वाचलें, हें कळवावें कीं नाहीं ही वाचणाराची मर्जी. पोच ही देण्याची वस्तु होती; परस्पर काढून घेण्याची नव्हे.

१८७९ च्या जुलैंत हिंदुस्थानांत पोस्टकार्ड सुरू झालें. कार्ड पाव आण्यास आणि लिफाफ्याचें पत्र अर्ध्या आण्यास; तेव्हां मजकूर झांकण्याची किंमत एक पैसा ठरली. तो पैसा पुष्कळांनीं आनंदानें वांचविला! पण कार्ड उघडें आहे हें लिहिणारास ठाऊक असे आणि वाचणारासहि दिसे. त्यांत लपवाछपवी नव्हती.

ई-मेलच्या पत्रांत ती शिरली. दुकानदाराच्या पत्रांतील चित्र बहुधा त्या पत्रांत नसतेंच. पत्र उघडलें, कीं वाचणाराचें यंत्र तें पाठविणाराच्या संगणकाकडे मागतें. माहीमच्या एखाद्या घरीं रात्रीं अकरा वाजतां पत्र उघडावें, तों ती वेळ आणि त्या यंत्राचा इंटरनेटवरील पत्ता हजारों कोसांवर टिपला जातो. हें चित्र डोळ्यांस न दिसणारा एखादा ठिपकाहि असूं शकतें. प्रत्येकाच्या पत्रांत त्याचें नांव निराळें ठेवलें, म्हणजे कोणीं पत्र उघडलें हें नेमकें कळतें.

२००३ च्या आउटलुकनें अशीं चित्रें मुळांतच अडविलीं. उपाय सरळ होता, पण पत्रें रिकाम्या चौकटींनीं भरून गेलीं. सोयीची ही तक्रार आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. नातवाच्या बारशाचें निमंत्रण उघडावें आणि कोरी चौकट दिसावी, यांत कोणाचें हित? कंटाळलेला वाचक चित्रें दाखविण्याची कळ दाबी, आणि त्यासरशी पोच जाई.

डिसेंबर २०१३ पासून जीमेल चित्रें न विचारतांच दाखवूं लागलें. मात्र गूगल तीं आपल्या संगणकांमार्फत आणतें, त्यामुळें वाचणाराचा ठावठिकाणा झांकतो. हें काम अर्धेंच झालें. निराळ्या नांवाचें चित्र मागितलें गेलें, कीं पत्र उघडल्याची बातमी जातेच. सप्टेंबर २०२१ मध्यें ॲपलनें दुसरी युक्ति काढली. पत्र उघडो वा न उघडो, त्यांतील चित्रें अगोदरच परभारें आणून ठेवावयाचीं! पाठविणारास सारींच पत्रें उघडलेलीं दिसतात, म्हणून त्याच्या टिपणास अर्थ उरत नाहीं. वाचणारास चित्रें मात्र मिळतात. शिवाय हें संरक्षण हवें कीं नको, हें आरंभींच विचारलें जातें. आम्हांस हाच मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. जीमेलमध्येंहि चित्रांपूर्वीं विचारून घेण्याची सोय आहे. पण ती सेटिंगांत जाऊन शोधावी लागते, आणि मूळची मांडणी बदलण्याच्या खटपटींत आमच्या ओळखीचे फारच थोडे गृहस्थ पडले आहेत.