सोवळे मोडणारे तळघर

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात, शेरिडन चौकातल्या एका तळघरात १९३८ च्या डिसेंबरात एक रात्रीचा क्लब सुरू झाला. त्याचे नाव ‘कॅफे सोसायटी’. मालक बार्नी जोसेफसन हा मूळचा जोडे विकणारा गृहस्थ. बड्या लोकांच्या क्लबांची टर उडवावी म्हणून त्याने दारावर मुद्दाम फाटक्या हातमोज्यांचा दरवान उभा केला होता!

थट्टेमागचे कारण मात्र गंभीर होते. हार्लेममध्ये गाजलेल्या ‘कॉटन क्लब’मध्ये गाणारे-वाजवणारे काळे आणि ऐकणारे गोरे, अशी वाटणी असे. कलावंताने मैफल रंगवावी, पण त्याच्या भाऊबंदांना तिथे खुर्ची मिळू नये! जोसेफसनने काळ्या-गोऱ्यांना एकाच दालनात शेजारी शेजारी बसवले. बिली हॉलिडे तिथे पहिल्या रात्रीपासून गायली.

मला या तळघराची ओढ वाटते ती हेझल स्कॉटमुळे. ही मुलगी १९२० साली त्रिनिदादमध्ये जन्मली आणि चार वर्षांची असताना न्यूयॉर्कला आली. आठव्या वर्षी ज्युलियार्ड या नामांकित संगीतविद्यालयात तिची परीक्षा झाली. तिने रखमानिनॉव्हची रचना वाजवायला घेतली, पण चिमुकल्या बोटांना लांबलांबच्या पट्ट्या एकदम गाठता येईनात. तेव्हा तिने जवळचे जुळणारे स्वर घेऊन खुशाल पुढे चाल केली! प्रवेशाचे वय सोळा; म्हणून तिची तालीम खाजगी रीतीने सुरू झाली.

१९३९ पासून कॅफे सोसायटीत तिने हीच हिकमत कलेच्या पदवीला नेली. बाखची किंवा लिस्टची रचना ती आधी अगदी शुद्ध, लिहिल्याबरहुकूम वाजवी. मग डाव्या हातात हळूच बूगी-वूगीचा ठेका शिरे, आणि उजवा हात त्याच स्वरावलीशी लपंडाव खेळू लागे. कर्मठांना हा भ्रष्टाकार वाटला. मला वाटत नाही. आपल्याकडे १९१६ साली ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी रागदारीच्या चाली दिल्या आणि बैठकीतले गाणे नाटकाच्या पिटापर्यंत पोचले, त्याने रागांचे काय बिघडले? हेझलच्या तबकड्या ऐकाव्या. मूळ रचना तिला किती मुखोद्गत होती, हे तिच्या खोड्यांतूनच कळते.

१९४० मध्ये ईस्ट ५८ व्या रस्त्यावर दुसरी शाखा निघाली आणि हेझल तिथली तारका झाली. श्रोत्यांना रंगावरून वेगळे बसवतील तिथे वाजवणार नाही, अशी अट ती करारातच घाली.

सुरांची सरमिसळ लोकांनी टाळ्या देऊन पचवली. माणसांची सरमिसळ इतकी सहजी पचली नाही. १९४७ साली बार्नीचा कम्युनिस्ट भाऊ लिऑन याने ‘अमेरिकाविरोधी कारवायां’च्या संसदीय चौकशी समितीपुढे साक्ष द्यायचे नाकारले व तो तुरुंगात गेला. त्याचे खापर वर्तमानपत्रांनी क्लबावर फोडले. गिऱ्हाईक आटले, आणि थोड्याच वर्षांत दोन्ही दारे बंद झाली.

१९५० च्या उन्हाळ्यात हेझलचा स्वतःच्या नावाचा टेलिव्हिजन कार्यक्रम सुरू झाला होता. संशयितांच्या एका यादीत नाव आले, म्हणून सप्टेंबरात ती आपण होऊन त्या समितीपुढे गेली, आरोप नाकारले आणि असल्या याद्यांवर सडकून टीका केली. आठवडाभरात कार्यक्रम बंद पडला. पुढे काही वर्षे ती पॅरिसला जाऊन राहिली. तिथल्या तिच्या घरी मायदेश सोडून आलेल्या काळ्या अमेरिकन कलावंतांची वर्दळ असे.