लघवीच्या जळजळीवरील उपचारांचा इतिहास

नवघर आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेतील दाट वस्तीचा भाग असला, तरी भाईंदरचा हा परिसर पूर्वी मिठागरांसाठी ओळखला जाई. मिठागरांसारख्या जागी उन्हातान्हात राबणे, पाणी कमी पिणे आणि आडोशाअभावी लघवी रोखून धरणे हे कष्टकरी बायकांच्या वाट्याला सर्वत्रच येई. त्यातून 'उन्हाळी लागली' की मराठी घरांत धने-जिऱ्याचे पाणी, वाळा नि सब्जा दिला जाई. चरकसंहितेने मूत्रकृच्छ्राचे, म्हणजे कष्टाने लघवी होण्याचे, आठ प्रकार मानले असून आयुर्वेदात त्यावर गोखरू आणि तृणपंचमूळ, म्हणजे कुश, काश, दर्भ, ऊस इत्यादी पाच तृणांची मुळे, वापरली जात. या उपायांनी दाह शमला, तरी त्यामागे मूत्राशयात शिरलेले जंतू असू शकतात, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

१८८५ मध्ये थिओडोर एशेरिक यांनी आतड्यातील ज्या जंतूचे वर्णन केले, तोच, म्हणजे ई. कोलाय, या संसर्गाचे प्रमुख कारण ठरला. पुढच्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले, आणि पुरुष डॉक्टरांपुढे संकोचाने दडवली जाणारी दुखणी स्त्री-डॉक्टरांना सांगण्याची सोय झाली.

जंतूंवरच घाव घालणारी सल्फा औषधे १९३५ नंतर आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परळच्या हाफकिन संस्थेने सल्फाथायाझोलची निर्मिती केली. १९५३ मध्ये नायट्रोफ्युरँटोइन वापरात आले, पुढे सल्फा-ट्रायमेथोप्रिमची जोडगोळी आणि १९८० च्या दशकात नॉरफ्लॉक्सॅसिन आले, तेव्हा जुने नायट्रोफ्युरँटोइन मागे पडले. मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेतलेल्या आणि अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्यांनी नव्या औषधांची धार बोथट केली. याउलट नायट्रोफ्युरँटोइन जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करते आणि मुख्यतः लघवीतच साठते, म्हणून त्याला दाद न देणारे ई. कोलाय तुलनेने कमी राहिले.

त्यामुळेच गुंतागुंत नसलेल्या संसर्गात, म्हणजे गरोदर नसलेल्या, एरवी निरोगी स्त्रीला ताप वा कुशीत दुखणे नसताना झालेल्या मूत्राशयाच्या संसर्गात, नायट्रोफ्युरँटोइनचा पाच दिवसांचा क्रम किंवा फॉस्फोमायसिन या दुसऱ्या औषधाची तीन ग्रॅमची एकच मात्रा आज प्रथम पसंतीची मानली जाते. सत्तर वर्षांपूर्वीचे औषध अजून कामी येते, ही मोठीच शिदोरी आहे. ती टिकवायची, तर डॉक्टरांनी विचारपूर्वक लिहून देणे आणि रुग्णाने क्रम पुरा करणे जितके आवश्यक आहे, तितकेच स्त्रीला कामाच्या जागी स्वच्छ शौचालय मिळणेही आवश्यक आहे.