चढणीचे मासे आणि तांबडे पाणी

गोव्याच्या खाणींचा इतिहास आपण टनांत नि रुपयांत मोजतो. मला तो ओहोळाच्या बाजूने पाहावासा वाटतो.

1947 च्या सुमारास लोहखनिजाची निर्यात सुरू झाली. 2010-11 साली ती पाच कोटी टनांच्या आसपास गेली. टनभर खनिजासाठी दोन-तीन टन माती उपसावी लागते. तिचे ढिगारे डिचोली, सांगे भागांत नाल्यांच्या माथ्यावर उभे राहिले.

मृगाचा पाऊस लागला की चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध ओहोळांत, शेतांत शिरून अंडी घालतात. नेमका त्याच पावसात ढिगाऱ्यांचा गाळ खाली उतरतो. अंडी गाळाखाली गुदमरतात, माशांचे कल्ले भरतात. गढूळ पाण्यात ऊन पोचत नाही, म्हणून शेवाळही वाढत नाही.

2012 मध्ये खाणी बंद पडल्या. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीझ रद्द केले. 2024 पासून काही खाणी पुन्हा चालू झाल्या. बंदीच्या काळातही ढिगारे तिथेच होते, आणि पाऊस कोणाच्या हुकुमाने थांबत नाही.

मी सरकारी कारकून. आजवर हाताळलेल्या नोंदवह्यांत खनिजाच्या टनांचा रकाना पाहिला; चढणीच्या माशांचा मात्र कधीच दिसला नाही. ज्याची नोंदच नाही, त्याची भरपाई कोण मागणार?