हळद, कुंकू आणि काळेपांढरे

ताथवड्यात जुने घर उतरवायला काढले, की माळ्यावरून काय काय खाली येते! पायली, अधोली, समई, कुंकवाचा करंडा. पितळ मोडीत जाते, जाते कोपऱ्यात पडते आणि दोन वर्षांत तिथे टोलेजंग इमारत उभी राहते. म्हणून या वस्तूंचे फोटो तरी काढून ठेवावेत, असे आमच्या शाळेत ठरले. ठरले मात्र, आणि वाद सुरू झाला. मुले म्हणाली, फोटो रंगीत हवेत. चित्रकलेचे मास्तर म्हणाले, काळेपांढरे. मी पडलो इतिहास शिकवणारा आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. मला या भांडणाची कुळकथा शोधण्याचा मोह झाला.

कुळकथा मोठी मौजेची आहे. कॅमेऱ्याने आरंभी निर्जीव वस्तूंचीच कास धरली. फ्रान्समध्ये दागेरने 1837 साली प्लॅस्टरचे पुतळे मांडून चित्र घेतले. इंग्लंडात टॅल्बटने फळांच्या टोपल्या मांडल्या. माणसाला तितका वेळ स्तब्ध बसवणे कठीण. अननस बिचारा हूं की चूं करीत नाही!

पण त्या काळच्या रसायनांना निळा रंग तेवढा कळे. पिवळा आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसत. समोर हळदीकुंकवाचे तबक ठेवले असते, तर कुंकवाबरोबर हळदही काळवंडली असती आणि नीळ मात्र पांढरी उमटली असती. सगळ्या रंगांची दखल घेणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या 1906 च्या सुमारास. तेव्हा वाचकहो, फार जुन्या फोटोतल्या पणजीबाईंचे लुगडे काळेच होते, असे शपथेवर सांगू नका.

रंगाचा पहिला गाजलेला प्रयोगही एका वस्तूवरच झाला. 1861 साली लंडनमध्ये मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने चौकड्यांच्या एका फितीचे चित्र पडद्यावर रंगीत करून दाखवले. तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून तिची वेगवेगळी चित्रे घेतली होती. ती सगळी काळीपांढरीच! त्याच गाळण्या लावलेल्या दिव्यांनी ती एकावर एक पाडली, आणि रंग प्रकटला. तिरंगी छपाई निघाली ती याच तत्त्वावर.

त्या छपाईचा एक जाणकार आमच्याच मुंबई रस्त्यावर, लोणावळ्याला, राहून गेला. दादासाहेब फाळके. त्यांचा तिथला छापखाना पुढे दादरला गेला, आणि रंगीत छपाईची यंत्रे आणायला ते 1909 साली जर्मनीला गेले. या रंगज्ञ गृहस्थाने 1912 साली, चित्रपटासाठी भांडवल हवे म्हणून, कुंडीत वाटाणा पेरला आणि दररोज थोडे थोडे चित्रण करून त्याचे रोप वाढताना दाखवले. रंग नव्हता. तेव्हा दुसरा सोयीचा मार्गही नव्हता, हे खरे. पण हिरवा कोंब करडा दिसला म्हणून बिघडले काय? पाहायचे होते ते वाढणे. त्याच बळावर भांडवल मिळाले आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

मास्तरांच्या बाजूने आणखी एक साक्ष आहे, ती घरोघरच्या आल्बममध्ये. 1970-80 च्या सुमाराचे रंगीत फोटो आता तांबूस होऊन बसले आहेत, आणि त्याआधीचे आजोबा अजून करारी! काळ्यापांढऱ्यात चांदीचे कण असतात, नीट धुतलेला फोटो पिढ्यान् पिढ्या टिकतो. रंगीत फोटोतली रंगद्रव्ये विरतात. म्हणून रंगीत चित्रपट जपण्यासाठीही त्याच्या तीन काळ्यापांढऱ्या प्रती करून ठेवण्याची रीत पडली.

मुले म्हणतील, आमच्या मोबाइलला कुठे चांदी लागते? नाही लागत, पण त्याच्या आतला डोळाही मुळात रंगांधळा. त्यावर तांबड्या, हिरव्या, निळ्या गाळण्यांची बारीक जाळी बसवलेली असते. मॅक्सवेलच तो!

शेवटी आम्ही वस्तूवस्तूचा निवाडा केला. जात्याच्या पाळीवर पिढ्यांची झीज आहे, खुंट्याला हातांची चकाकी आहे. तिथे तिरपा उजेड आणि काळेपांढरे. पायलीवरचे ठोके तसेच. समईवर बराच खल झाला, कारण पितळेचा पिवळेपणा आणि काजळीचा थर दोन्ही हवे होते. तिचे दोन्ही फोटो काढले. करंडा उघडला, तर तळाशी चिमूटभर कुंकू होते. ते घासून पुसून टाकायला निघालेल्या मुलीला मास्तरांनीच थांबवले आणि रंगीतच काढ म्हणाले.