‘इंडिया’ साप्ताहिक आणि संपादक भारती

सुब्रह्मण्य भारती (१८८२–१९२१) महाराष्ट्रीय वाचकास परिचित आहेत ते राष्ट्रीय गीतांचे कर्ते म्हणून. त्यांच्या चरितार्थाचे साधन मात्र प्रायः वृत्तपत्र हेच होते. १९०४ साली ते मद्रासच्या ‘स्वदेशमित्रन्’मध्ये जी. सुब्रह्मण्य अय्यर यांच्या हाताखाली उपसंपादक झाले. तेथे त्यांच्या वाट्यास मुख्यतः इंग्रजी मजकुराचे तमिळ भाषांतर आले. काम रुक्ष खरे; परंतु राजकीय विचार पेलणारे सुबोध गद्य घडविण्याची तालीम त्यांना येथेच मिळाली, असे मानण्यास जागा आहे.

१९०६ मध्ये निघालेले ‘इंडिया’ हे साप्ताहिक उघडपणे जहाल पक्षाचे होते. ते तांबड्या कागदावर छापले जाई व त्यात राजकीय व्यंगचित्रे येत. तमिळ वृत्तपत्रसृष्टीत ही गोष्ट नवीन होती. डिसेंबर १९०७ च्या सुरत काँग्रेसला भारती स्वतः गेले आणि टिळकपक्षाचे अधिकच अभिमानी होऊन परतले.

१९०८ साली सरकारची दृष्टी ‘इंडिया’कडे वळली. लेखणी भारतींची असली, तरी सरकारी नोंदीत पत्राचे जबाबदार म्हणून नाव होते ते एम्. श्रीनिवासन् यांचे. त्यांस पाच वर्षांची शिक्षा झाली. भारती फ्रेंच अमलाखालील पाँडिचेरीस गेले. त्याच वर्षी पुण्यात याच्या उलट घडले होते. ‘केसरी’तील ज्या लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यांपैकी एक खाडिलकरांचा होता असे मानले जाते, संपादक या नात्याने जबाबदारी टिळकांनी स्वतःवर घेतली. या तुलनेने भारतींस दोषी ठरविणे मात्र घाईचे होईल. पाँडिचेरीत ते स्वस्थ बसले नाहीत. ऑक्टोबर १९०८ पासून ‘इंडिया’ तेथून निघू लागले आणि ब्रिटिश मुलखात त्याच्या प्रवेशास बंदी झाल्यावर मार्च १९१० मध्ये बंद पडले. तरीही श्रीनिवासन् यांचा तुरुंगवास या पत्राच्या इतिहासातून वगळता येत नाही.

त्या काळातील पुष्कळ मजकूर निनावी आहे. काही ‘काळिदासन्’, ‘शक्तिदासन्’ अशा टोपणनावांनी आलेला आहे. त्यामुळे भारतींचे लेखन निश्चित करताना अभ्यासकास पुष्कळदा शैलीचाच आधार घ्यावा लागतो. १९२० मध्ये ते पुन्हा ‘स्वदेशमित्रन्’मध्ये रुजू झाले व मृत्यूपर्यंत तेथेच लिहीत राहिले.