जाहिरातीचे मानसशास्त्र आणि शिवडी : डालडाच्या प्रचाराचा ऐतिहासिक विचार

विसाव्या शतकातील जाहिरातीच्या इतिहासाचे लेखन बहुधा अमेरिकेपासून सुरू होते. वॉल्टर डिल स्कॉट यांनी १९०३ मध्ये जाहिरातीचा मानसशास्त्रीय सिद्धांत मांडला, वर्तनवादाचे प्रवर्तक जॉन बी. वॉटसन १९२० मध्ये जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेत दाखल झाले आणि फ्रॉइडचे भाचे एडवर्ड बर्नेज यांनी १९२८ मध्ये ‘प्रोपगंडा’ या ग्रंथातून लोकमत घडविण्याच्या तंत्राचे उघड समर्थन केले, हा क्रम अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. याच क्रमाचा एक धागा मुंबईतील शिवडीपर्यंत येऊन पोहोचतो.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे मोटारजुळणीचा कारखाना सुरू केला. या ग्राहकाच्या पाठोपाठ १९२९ मध्ये थॉम्पसन संस्थेने मुंबईत कार्यालय उघडले. त्या वेळी वॉटसन संस्थेचे उपाध्यक्ष होते. एवढ्यावरून वर्तनवाद जसाच्या तसा मुंबईत अवतरला, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. शिवाय मोटार विकत घेणारा वर्ग मुळातच अल्प होता. ग्राहकाच्या मनाची खरी परीक्षा शिवडीतच, पण स्वयंपाकघराच्या संदर्भात झाली.

युनिलिव्हरच्या ‘हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ची नोंदणी १९३१ मध्ये झाली व पुढील वर्षी तिच्या शिवडी कारखान्यात वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू झाले. शेजारीच ऑक्टोबर १९३४ पासून साबण तयार होऊ लागला. १९३७ मध्ये ‘डालडा’ हे नाव बाजारात आले. येथे अडचण उत्पादनाची नव्हती, मनाची होती. तूप हा आपल्याकडे केवळ स्निग्ध पदार्थ नव्हे. नैवेद्य, वरणभातावरची धार, बाळंतिणीचा आहार या सर्वांत त्याला पावित्र्याचे व पौष्टिकतेचे स्थान आहे. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून गोठविलेल्या पदार्थाला ते स्थान कसे मिळावे?

१९३९ मध्ये लिंटास या संस्थेने, हार्वे डंकन यांच्या नेतृत्वाखाली, या प्रश्नाचे उत्तर शोधले. चित्रपटगृहांत लघुपट दाखविण्यात आला, डब्याच्या आकाराची गोल गाडी रस्त्यांतून फिरली, पत्रके वाटली गेली आणि तंबू ठोकून लोकांसमोर पदार्थ तळून दाखविले गेले. वॉटसन यांनी धूम्रपान करणाऱ्यांचे डोळे बांधून, त्यांना आपल्या आवडीची सिगारेटही ओळखता येत नाही, हे दाखविले होते. डालडाच्या प्रचाराने उलट वाट धरली. पाहा, हुंगा, चाखा, असे आवाहन त्यात होते. घरगुती वापरासाठी लहान व उपाहारगृहांसाठी मोठे डबे निघाले. हिरव्या ताडाचे चित्र असलेला पिवळा मोहोरबंद डबा सुट्या मालातील भेसळीच्या भीतीवर उतारा ठरला. प्रस्तुत लेखकाच्या मते या यशात सुप्त इच्छांपेक्षा या भीतीचा आणि किमतीचा वाटा अधिक होता. सुप्त इच्छांचे उदाहरण हवेच असेल, तर ते १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या लीला चिटणीस यांच्यात शोधावे.

परंतु हा डबा भेसळीपासून अभय देत असतानाच त्यातील पदार्थ साजूक तुपात मिसळला जात होता. महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून वनस्पतीला विरोध केला. १९५० च्या दशकात बंदीची मागणी तीव्र झाली, तेव्हा पंडित नेहरूंनी देशभर लोकमत अजमावण्याचा मार्ग स्वीकारला. त्यातून ठाम कौल मिळाला नाही. ज्या लोकमताला वळण देण्यासाठी दीड दशक प्रचार झाला होता, त्याच लोकमताकडे शासनाने निवाडा मागावा, ही बाब बर्नेज यांच्या वाचकांना विचारात पाडणारी आहे. ओळख पटावी म्हणून वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल घालण्याचे बंधन आले. ग्राहकाच्या जिभेला जो फरक कळत नव्हता, तो प्रयोगशाळेने रंगपरीक्षेने ओळखावा, अशी ही योजना होती.

१९५६ मध्ये ही कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली आणि २००३ मध्ये डालडा हे नाव बंगी या कंपनीकडे गेले. जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल व वनस्पतीतील ट्रान्स फॅटचे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले आहे. मराठी घरांत मात्र कोणत्याही कंपनीच्या वनस्पती तुपाला ‘डालडा’च म्हटले जाते.