शब्दकोडे : नामे व अक्षरे यांवरील सूचना

‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांनी प्रसिद्ध केलेल्या कोड्यापासून रूढ झालेला हा शब्दखेळ मराठीत आला, तेव्हा एकेका घरात सुटा वर्ण न बसता काना, मात्रा, वेलांटीसह सबंध अक्षर, प्रसंगी जोडाक्षरही, बसू लागले. म्हणूनच बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर पाच घरांत मावते. ‘मो-पुढे हिशेबाचा पडताळा’ या सूचनेवरून मोताळा ओळखणे सुकर, कारण आद्याक्षर वगळता ‘ताळा’ उरतो. मेहकरच्या अखेरीस तर सरकारी करच दडलेला आहे. चिखलीचे तसे नाही. अंत्याक्षराची वेलांटी पुसल्याखेरीज तीतील चिखल दृष्टीस पडत नाही, आणि ती पुसण्याचा हुकूम सूचनेत स्पष्ट नसेल, तर तो सोडवणाऱ्यावर उघड अन्याय होय. खुद्द जिल्ह्याच्या नावाची पंचाईत याहून मोठी : बुलडाणा व बुलढाणा ही दोन्ही लेखने प्रचारात असल्यामुळे, तिसऱ्या घरातील अक्षर छेदणाऱ्या उभ्या शब्दाने मुक्रर केल्यावाचून आडवा शब्द कायम करता येत नाही.